अपूर्व वाद्य, अनाम हुरहूर

वाद्याच्या नादाने मन का हेलावते, या प्रश्नाला सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त वेळा दिले जाणारे उत्तर स्मृतीचे आहे. सनई वाजू लागली की लग्नमंडप आठवतो, एकतारीच्या पाठोपाठ भजन येते, संबळाचा ठेका कानी पडताच गोंधळाची रात्र डोळ्यांपुढे उभी राहते, आणि या आठवणींचा ओलावा नादाला आधीच चिकटलेला असल्यामुळे श्रोता पहिल्या स्वरातच विरघळतो, असे या उत्तराचे स्वरूप आहे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु जे वाद्य कोणत्याही देवळात, दरबारात वा लग्नात कधी वाजलेले नाही आणि ज्याचे नावही श्रोत्याने ऐकलेले नाही, अशा वाद्याच्या पहिल्याच स्वरांनी जर त्याचे डोळे भरून आले, तर त्या अश्रूंचे मूळ कोठे शोधावे, हे स्मृतीचे उत्तर सांगू शकत नाही. नव्याने घडवलेले वाद्य म्हणूनच तत्त्वचिंतकाला मोलाचे वाटले पाहिजे. भाव आणि नाद यांच्या नात्यावर साचलेला रूढीचा थर त्याच्यापाशी आयताच नसतो आणि खाली काय आहे ते पाहण्याची दुर्मीळ संधी मिळते.

असे एक वाद्य एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जगापुढे आले. गोर्केम शेन या तुर्की संगीतकाराने घडवलेल्या या वाद्याचे नाव यायबहार. तुर्की भाषेत ‘याय’ या शब्दात धनुष्य, तार आणि वेटोळी स्प्रिंग असे अर्थ आहेत, तर ‘बहार’ म्हणजे वसंत. हा दुसरा शब्द फारसीतून जसा तुर्कीत गेला तसाच मराठीतही आला, आणि सतारीच्या खर्जातल्या थोरल्या भावंडाला ‘सूरबहार’ म्हणणाऱ्यांनीही तोच वापरला आहे. यायबहारची दांडी उभी आणि बिनपडद्यांची असते, म्हणजे सतारीप्रमाणे स्वरांच्या जागा तिच्यावर आधीच ठरवून दिलेल्या नसतात आणि वादकाचे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाऊ शकते. तारांवर गज फिरवला की त्यांचे कंप घोडीतून, म्हणजे तारांना तोलून धरणाऱ्या आधारातून, लांब ताणलेल्या स्प्रिंगांमध्ये उतरतात आणि स्प्रिंगांच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डफासारख्या पुड्यांपर्यंत पोहोचतात. पुडी त्या कंपांना आवाज देते; पण तेवढ्यावर गोष्ट थांबत नाही, कारण कंपांचा काही भाग पुडीवरून परत फिरतो, स्प्रिंगमधून मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. गजाऐवजी काठीने स्प्रिंगवर वा पुडीवर आघात केला तरी हीच ये-जा सुरू होते. या सगळ्यात विजेचा कोठेही संबंध नाही.

स्प्रिंगचा एक गुण येथे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. साध्या ताणलेल्या तारेत लहानमोठे सर्व कंप जवळजवळ सारख्याच वेगाने पुढे जातात, मात्र वेटोळ्या स्प्रिंगमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या कंपांचा वेग वेगवेगळा असतो. त्यामुळे एका टोकाला दिलेला क्षणिक आघात दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत विस्कटून लांबतो आणि एखादा ठिपका ओल्या कागदावर पसरावा तसा कालात पसरतो. परिणाम असा होतो की वादकाची कृती संपल्यानंतरही नाद दुरून, उशिरा आणि बदललेल्या रूपाने परत येत राहतो. मनुष्याचा कान अशा परत येणाऱ्या नादावरून भोवतालच्या जागेचे माप घेत असतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या घुमटाखाली एकदा उमटलेला ध्वनी सुमारे १० सेकंद विरत राहतो, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात साधा उच्चारलेला शब्दही लाकडी तुळयांच्या कमानीखाली भरून राहतो. जागा विशाल आहे, रिकामी आहे आणि त्या रिकामेपणातून काही तरी उत्तर देत आहे, असा बोध डोळे मिटलेले असतानाही होतो. यायबहार हा विशालतेचा बोध एका माणसाच्या बाहूंच्या कवेत मावणाऱ्या यंत्रणेतून निर्माण करते. ज्या खोलीत ते वाजते ती लहान असते आणि ऐकू येणारी जागा अफाट असते. या विसंगतीतच त्याच्या सामर्थ्याचा भौतिक पाया आहे, असे मानण्यास जागा आहे.

तथापि भौतिक पाया सांगितल्याने भावाचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. घुमणारा नाद विशालतेचा बोध करून देतो हे मान्य केले तरी विशालतेने गळा का दाटून यावा, हा प्रश्न उरतोच. गजाने ओढलेला अखंड स्वर मानवी कंठासारखा असतो आणि म्हणून तो विलापासारखा भासतो, असेही म्हटले जाते. परंतु यायबहारच्या नादात कंठाशी साम्य नसलेले, धातूचे, वाऱ्याचे, पाण्याखालचे म्हणावे असे पुष्कळ आहे, आणि मन हलते ते अनेकदा नेमके त्याच ठिकाणी. स्मृतीच्या उत्तराची ताकद पाहायची असेल तर महाराष्ट्रात वारकऱ्यांच्या वीणेकडे पाहावे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहारा बदलताना ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा परस्परांच्या पाया पडतात. या वीणेत वादनकौशल्याला फारसे स्थान नाही, एकच आघात पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि तरीही पहाटेच्या काकड्याला तो ऐकताना अनेकांचे अंतःकरण भरून येते, कारण त्या नादामागे पिढ्यांचे उभे राहणे आहे. अशा वीणेच्या सामर्थ्यातून परंपरेचा वाटा वजा करता येत नाही आणि करूही नये. यायबहारच्या बाबतीत मात्र वजा करण्यासारखे काही नाहीच.

या प्रश्नाचा विचार यायबहारच्या जन्मभूमीशी जोडलेल्या इस्लामी परंपरेतच फार पूर्वी झाला आहे, आणि तो ज्याने केला त्याचे नाव अबू हामिद अल्-गझाली. इ. स. ११११ मध्ये निधन पावलेल्या या धर्मचिंतकाने ‘इह्या उलूम अद्-दीन’ या आपल्या थोर ग्रंथात ‘समा’, म्हणजे आध्यात्मिक हेतूने केलेले संगीतश्रवण, आणि ‘वज्द’, म्हणजे त्या श्रवणातून येणारी भावावस्था, या विषयांना स्वतंत्र प्रकरण दिले. ‘वज्द’ हा शब्द सापडणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. ऐकताना माणसाला स्वतःच्या आत जे सापडते ते वज्द. तंतुवाद्यांना धर्मशास्त्राने निषिद्ध मानले ते का, याचा गझालीने केलेला उलगडा येथे फार उपयोगी आहे. त्यांचा नाद सुखद असतो म्हणून ती निषिद्ध झाली असे त्याला मान्य नव्हते, कारण मग पक्ष्यांचा कूजनस्वरही निषिद्ध ठरला असता. ती निषिद्ध झाली ती मद्यपानाच्या मैफलींशी जडलेल्या त्यांच्या साहचर्यामुळे. म्हणजे वाद्यावरचा दोष हा वाद्याच्या नादाचा नसून त्याच्या सोबतीचा आहे, हे गझालीने सुमारे ९०० वर्षांपूर्वी स्वच्छपणे वेगळे करून दाखवले. ज्या वाद्याला अद्याप कोणतीच सोबत लाभलेली नाही, त्याच्या विचाराची वाट या भेदातून मोकळी होते.

त्याहून सूक्ष्म असे एक निरीक्षण गझालीने नोंदवले आहे. ज्या गाण्याचे शब्द कळतात त्यातून उठणाऱ्या भावाला विषय असतो, पण अर्थहीन तंतुनादाने जी विलक्षण तळमळ उठते तिचा विषय कोणता हे तळमळणाऱ्यालाच ठाऊक नसते. आणि ज्याने कधी स्त्री पाहिलीच नाही, तिच्याविषयी ऐकलेलेही नाही, अशा एकांतात वाढलेल्या तरुणाला वयात येताना जी बेचैनी जाणवावी तिच्याशी तो या तळमळीची तुलना करतो. ओढ खरी असते, तिचे शरीरही खरे असते, फक्त ओढीचे नाव सापडलेले नसते. गझालीच्या मते आत्म्याचे एका उच्च लोकाशी नाते आहे आणि त्या नात्याचा त्याला विसर पडला आहे. अर्थहीन नाद त्या विसरावर बोट ठेवतो, विसरलेली गोष्ट मात्र सांगत नाही. हा सिद्धान्त ज्याला स्वीकारता येणार नाही त्यालाही त्यामागचे निरीक्षण नाकारता येणे कठीण आहे, कारण विषयाविना उठणारी ओढ ही नव्या वाद्याच्या श्रोत्याची अगदी प्रत्यक्ष अवस्था आहे.

गझालीच्याही आधी, इ. स. ९५० मध्ये निधन पावलेल्या अल्-फाराबी या तत्त्वज्ञाविषयी एक आख्यायिका प्रचलित झाली आणि तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती नोंदवून ठेवली. सैफ अद्-दौला या अमीराच्या दरबारात फाराबीने कमरेच्या पिशवीतून काही लाकडी तुकडे काढले, ते जोडून वाजवले आणि सर्व सभा हसू लागली. तुकडे सोडवून निराळ्या रीतीने जोडले आणि वाजवले तेव्हा सभा रडली. तिसऱ्यांदा जोडून वाजवले तेव्हा द्वारपालासकट सगळे झोपी गेले आणि फाराबी निघून गेला. इतिहास म्हणून या कथेवर विसंबता येणार नाही, पण संगीतशास्त्रावर बृहद्ग्रंथ लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाच्या नावावर ती जमा व्हावी यात अर्थ आहे. त्या दरबारात ते वाद्य कोणीही पूर्वी ऐकलेले नव्हते. तिन्ही वेळा लाकूड तेच होते, श्रोते तेच होते, बदलली ती फक्त जोडणी. भाव सामग्रीत नाही, ठरावीक श्रोत्याच्या आठवणीतही नाही, तो रचनेच्या आणि ऐकणाऱ्याच्या संयोगात उमटतो, हे या कथेचे मूक प्रतिपादन आहे.

भारतीय विचारात हाच प्रश्न एका नाटकातील प्रसंगामुळे ऐरणीवर आला. ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या पाचव्या अंकात शकुंतलेला पूर्णपणे विसरलेला दुष्यंत हंसपदिकेचे गाणे ऐकतो, त्याला कोणाचाही विरह नसताना तो बेचैन होतो, आणि रम्य वस्तू पाहून वा मधुर ध्वनी ऐकून सुखी माणसालाही हुरहूर लागते ती कदाचित पूर्वजन्मीच्या स्नेहांचे मनाला नकळत स्मरण होत असल्यामुळे असावी, असा तर्क करतो. दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत या प्रसंगाचा आधार घेतला, कारण त्याला हवे असलेले स्मरण येथेच होते: ज्याचा विषय पूर्वी कधी अनुभवलेला म्हणून ओळखता येत नाही, तरीही जे स्मरणासारखे भासते, असे. प्रत्येक माणसाच्या चित्तात रती, शोक, भय, विस्मय इत्यादी भावांचे अनादी संस्कार असतात, त्यांना तो ‘वासना’ म्हणतो. या वासना म्हणजे कोणा एका लग्नाची वा कोणा एका मृत्यूची आठवण नसून त्या भावांना प्रतिसाद देण्याची आधीपासूनची सिद्धता होय. अभिनवगुप्ताचाच पूर्वसूरी असलेल्या नवव्या शतकातील आनंदवर्धनाने शब्दार्थाचा आश्रय नसलेले गीतातील नादसुद्धा रस व्यंजित करतात हे मान्य केले होते. म्हणजे अर्थ नको, विषय नको, ओळखीचे वाद्यही नको. सिद्धता आणि नाद एवढे दोनच पुरेत.

अभिनवगुप्ताचा विचार याही पुढे जाऊन स्मृतीच्या उत्तराला थेट उलटवतो. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने त्याने मोजली आहेत आणि त्यांतील एकाला तो ‘निजसुखादिविवशीभाव’ असे नाव देतो. श्रोता स्वतःच्या खाजगी सुखदुःखाने इतका ग्रासलेला असणे की समोरच्या कलाकृतीत त्याचे चित्त शिरूच शकत नाही, हे ते विघ्न. गाणे-वाजवणे नाट्यात असते ते हे विघ्न दूर करण्यासाठी, असेही तो सांगतो. आता ओळखीच्या वाद्याचा विचार करावा. वडील जी बाजाची पेटी वाजवीत तिचा सूर ऐकून मुलीला रडू येते तेव्हा ते रडू अत्यंत खरे असते, त्याचा कोणी उपमर्द करू नये. पण ते त्या रचनेतील करुणाचे नसते, ते वडिलांचे असते. ओळखीचे वाद्य श्रोत्याला स्वतःच्या घरी घेऊन जाते. अपूर्व वाद्याला ही वाटच माहीत नाही. त्याच्यातून उठलेला शोक कोणा एकाचा नसतो, तो कोणत्या वर्षी घडला हे सांगता येत नाही, आणि तरीही तो शोकच असतो; अभिनवगुप्त ज्याला साधारणीकरण म्हणतो, म्हणजे भावाने माझा-तुझा, आजचा-कालचा ही बंधने सोडून सर्वांसाठी समान होणे, ते येथे साधनेविना घडून येते. नव्या वाद्याचे भावसामर्थ्य पूर्वस्मृतीच्या अभावी दुबळे असायला हवे अशी जी अपेक्षा सुरुवातीला वाटते, ती या विवेचनानंतर टिकत नाही. तो अभाव हेच त्याच्या सामर्थ्याचे एक कारण ठरते.

अर्थात त्याच सात विघ्नांत पहिले विघ्न नव्या वाद्यालाच सर्वाधिक नडते. त्याचे नाव ‘संभावनाविरह’, म्हणजे समोर जे चालले आहे ते संभवनीय आहे असेच श्रोत्याला न वाटणे. हे संगीत आहे की नुसता विचित्र आवाज, हा वादक आहे की गारुडी, अशा शंकेत अडकलेले मन द्रवू शकत नाही. संतूरच्या वाट्याला हेच आले होते. काश्मिरातील सुफियाना संगीतात शतकानुशतके रुजलेले ते वाद्य हिंदुस्थानी रागसंगीताच्या श्रोत्यांना नवेच होते, आणि शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईत ते रागसंगीताच्या मंचावर आणले तेव्हा तुटक आघातांच्या या वाद्यावर मींड कशी काढणार, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड कसे जाणार, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. वाद्याच्या रचनेत आणि वादनाच्या तंत्रात त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या बदलांनी त्या आक्षेपाला उत्तर दिले. यायबहारसारख्या वाद्यापुढे धोका आणखी वेगळा आहे. त्याचे रूपच इतके अद्भुत आहे की डोळे कानांच्या पुढे धावतात आणि कुतूहलालाच भाव समजण्याची चूक होते. कुतूहल ‘हे कसे होते’ असे विचारते आणि उत्तर मिळताच शांत होते. स्प्रिंगचे रहस्य कळल्यानंतरही, डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकतानाही जर छातीत तेच हालले, तर ते कुतूहल नव्हते एवढे निश्चित म्हणता येते.

संगीतात भाव असतो हेच ज्यांना मान्य नाही त्यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्द हान्स्लिक याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगीताचा आशय म्हणजे नादाच्या गतिमान आकृती एवढाच, भावना हा त्याचा आशय नव्हे, असे मांडले. आणि मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा गाभा संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांत शोधला. या दोघांच्या शिस्तीमुळे भाबडेपणाला आळा बसतो आणि तेवढ्यापुरते त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आकृती आणि भाव यांच्यामध्ये श्रोता नावाचे जे शरीर बसलेले असते त्याचा हिशेब त्यांच्या मांडणीत नीट लागत नाही. अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोक’ या ग्रंथात मधुर गीत ऐकताना किंवा चंदनाचा स्पर्श होताना माणसाची तटस्थता गळून पडते आणि हृदयात जे स्पंदन उठते तीच आनंदशक्ती, आणि तिच्यामुळेच माणसाला सहृदय म्हणावे, असे सांगितले आहे. येथे स्पंदन हा शब्द नुसता अलंकार मानण्याचे कारण नाही. तार थरथरते, तिची थरथर स्प्रिंगमध्ये जाते, स्प्रिंगची पुडीत, पुडीची हवेत, हवेची कानाच्या पडद्यात. या साखळीतील शेवटची पुडी श्रोत्याच्या देहात आहे, आणि वाद्य कोठे संपले व ऐकणारा कोठे सुरू झाला हे रेषा ओढून दाखवता येत नाही. ‘ऐतरेय आरण्यका’त मनुष्यदेहाला दैवी वीणा म्हटले आहे आणि लाकडी वीणा ही तिचे अनुकरण असल्याचे सांगत दोहोंचे अवयव एकेक करून जुळवून दाखवले आहेत. त्या दृष्टीने जगातले कोणतेही वाद्य पूर्णपणे नवे असू शकत नाही, कारण त्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याबरोबर आधीच जन्मलेला असतो.

तरीही नाद नेमका असतो कोठे, हा प्रश्न सुटला असे होत नाही, आणि या ठिकाणी बौद्ध परंपरेतील एक दृष्टान्त कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा खोल जातो. पाली ‘संयुत्तनिकाया’तील एका सुत्तात असा राजा कल्पिला आहे ज्याने वीणेचा नाद पूर्वी कधीच ऐकलेला नाही. तो ऐकून मुग्ध झालेला राजा हा मोहक नाद कसला आहे असे विचारतो. सेवक वीणा आणून देतात. राजा म्हणतो, वीणा नको, मला तो नाद आणून द्या. नादपेटी, चामडे, दांडी, तारा, ‘कोण’ म्हणजे तारा छेडण्याची नखी, आणि वादकाचा प्रयत्न अशा अनेक गोष्टी जुळल्या म्हणजे नाद होतो असे समजावले तरी त्याचे समाधान होत नाही. तो वीणेचे शंभर तुकडे करतो, ढलप्या काढतो, त्या जाळतो, राख वाऱ्यावर उधळतो, आणि वीणा ही एक फसवणूक आहे असा निकाल देतो. बुद्धाने हा दृष्टान्त ‘मी’ आणि ‘माझे’ यांच्या शोधासाठी वापरला: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांचा कसून शोध घेणाऱ्याला त्यांत ‘मी’ सापडत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यही मैत्रेयीला वीणेचाच दाखला देतो, पण त्याचे बोट उलट दिशेला आहे. बाहेर विखुरलेले नाद पकडता येत नाहीत, वीणा पकडली वा वीणावादक पकडला की ते पकडले जातात, तसे आत्मा जाणला की सारे जाणले जाते, असे तो म्हणतो. एकाने वीणा मोडून पाहिली आणि काहीच हाती लागले नाही, दुसऱ्याने वीणाच हाती धरायला सांगितली. या दोहोंत निवड करणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु दृष्टान्तासाठी पाली सुत्ताने राजा नवखा निवडला यात मोठे शहाणपण आहे. रोज वीणा ऐकणारा हा प्रश्न विचारणारच नाही, कारण त्याच्या लेखी नाद आणि वीणा ही एकाच वस्तूची दोन नावे झालेली असतात. जो पहिल्यांदा ऐकतो त्यालाच भाव हा वस्तूपासून सुटा, एखाद्या पाहुण्यासारखा उंबरठ्यावर उभा असलेला दिसतो.

या सुटेपणामुळे नव्या वाद्याच्या अनुभवाला अनेक जण तत्काळ ‘दैवी’ असे विशेषण लावून मोकळे होतात. येथे देवगिरीच्या यादवांच्या सेवेत असलेल्या शार्ङ्गदेवाचा संयम अनुसरण्याजोगा आहे. सिंघण राजाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिलेल्या त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे दोन भेद येतात: आघाताविना योग्याला आत जाणवणारा तो अनाहत, आणि तार, चामडे, श्वास यांच्या आघातातून उमटणारा तो आहत. मुनी गुरूपदिष्ट मार्गाने अनाहताची उपासना करतात हे सांगून शार्ङ्गदेव पुढे म्हणतो की अनाहतात रक्ती नाही, म्हणजे रंगवून टाकण्याचा गुण नाही, त्यामुळे तो माणसांच्या मनाचे रंजन करीत नाही. म्हणून तो आहताकडे वळतो आणि त्याच्यातच रंजनाचे व भवबंध तोडण्याचे, असे दोन्ही सामर्थ्य असल्याचे सांगतो. विशेष म्हणजे स्वरांचे विवेचन सुरू करण्यापूर्वी त्याने गर्भात देह कसा घडतो याचे सविस्तर प्रकरण घातले आहे, जणू ऐकणारे हाडामांस आधी मांडल्याशिवाय नादाविषयी बोलणे त्याला अप्रामाणिक वाटले असावे. यायबहारचा नाद अशरीरी भासतो, पण तो लाकूड, पोलाद आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या गोष्टींच्या घर्षणातून येतो. तो अनाहत नाही. त्याने जागवलेली ओढ ईश्वराकडे नेईल की केवळ अधिक नादाकडे, हे नाद ठरवत नाही. गझालीनेही हेच म्हटले होते: समा हृदयात नसलेले काही आणून ठेवीत नाही, असलेले हलवते.

अपूर्वता फार काळ टिकत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही सिद्धान्ताने टळत नाही. दुसऱ्या श्रवणाच्या वेळी वाद्याला नाव असते, दहाव्या श्रवणाच्या वेळी त्याच्याभोवती ऐकणाऱ्याचे दिवस गोळा झालेले असतात, आणि चित्रपटांनी ते भयप्रसंगांना वा अवकाशदृश्यांना वापरायला सुरुवात केली की यायबहारलाही सनईसारखी नेमून दिलेली भावना मिळेल. पहिल्या ऐकण्यातील ती हुरहूर, जिला पत्ता नव्हता, तेव्हा ओळखीच्या पत्त्यावर पोहोचू लागेल. काही वाद्यांना एवढेही आयुष्य लाभत नाही. व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर याने १८२३ मध्ये गिटारसारखी सहा तारांची आणि पडद्यांची, पण गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची आर्पेज्जिओने नावाची एक नवी रचना केली. पुढच्याच वर्षी, आजारपणाच्या छायेत असलेल्या फ्रान्झ शुबर्टने तिच्यासाठी ‘अ मायनर’मध्ये एक सोनाटा लिहिला. तो छापला गेला १८७१ मध्ये, तोवर शुबर्टला जाऊन ४३ वर्षे झाली होती आणि ते वाद्य वाजवणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. आज तो सोनाटा बहुधा चेलोवर वा व्हायोलावर वाजतो. आर्पेज्जिओनेच्या सहा तारांवर सहज येणारे उंच स्वर चेलोच्या चार तारांवर गाठताना वादकाचा हात पार खाली घोडीकडे सरकतो, आणि सभागृहातील श्रोते, ज्यांतील फार थोड्यांनी ते मूळ वाद्य कधी पाहिले असेल, त्या ताणलेल्या स्वरांशी श्वास रोखून बसलेले असतात.